तिघींचा एक ब्रश

आमच्या तोंडवलीच्या शाळेत दात तपासायला त्या ताई एकदाच आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. तोंडात घालायचा आरसा त्या आधी मुलांच्या गालाला लावत. मूल हसलं की मगच "आ कर" म्हणत.

प्रत्येकाने आपापला ब्रश आणा, असं मी बजावलं होतं. रांगेतल्या तीन बहिणींपैकी मोठीने दात घासून दाखवले, ब्रश धुतला आणि मधलीला दिला. मधलीने धाकटीला. मी डाफरले, "वेगवेगळे आणायला सांगितले होते ना?"

ताईंनी तो झिजलेला ब्रश हातात घेतला. "बरो जपलंस गो!" म्हणत त्यांनी पिशवीतून तीन नवे काढले. मग हळूच मला म्हणाल्या, "आमी चार भावंडां, ब्रश एकच. माझो स्वतःचो माका नोकरीक लागल्यावर गावलो, बाई." हसल्या तेव्हा दिसलं, त्यांच्या दोन दाढा नव्हत्या.

माझ्या लेकीला मी दर सहा महिन्यांनी कुडाळला दातांच्या डॉक्टरकडे नेते. शाळेतल्या मुलांच्या तोंडात मात्र बारा वर्षांत कधी डोकावले नव्हते.

आता जेवणानंतर आम्ही सगळेच नळावर दात घासतो. धाकटी आपल्या ब्रशला कुणाला हात लावू देत नाही. बहिणी तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी मनातल्या मनात त्या ताईंना हात जोडते.