भिंतीच्या बांगड्या

काचकाकीच्या स्वतःच्या हातात एकही बांगडी नव्हती. पण आमच्या अख्ख्या चाळीला तिने बांगड्या भरल्या होत्या. जिन्याखाली, नळाच्या मागे, गॅलरीच्या कोपऱ्यात, जिथे म्हणून भिंतीला चीर गेली होती तिथे त्या चिरेवर काचेचा एक आडवा तुकडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या प्लास्टरचे ठिपके. हिरवे, लाल, आमसुली तुकडे. दुपारी गॅलरीत ऊन यायचं तेव्हा ते एकेक करून चमकायचे, आणि नवख्या माणसाला वाटायचं, भिंतीच्या आत बायका ओळीने उभ्या आहेत आणि आपल्याला फक्त त्यांची मनगटं दिसताहेत. मी तर त्या चाळीत जन्मले, पण भिंतीला पाठ टेकून उभं राहायचा धीर मला कधी झाला नाही.

डिलाईल रोडवरची आमची चाळ तीन मजल्यांची. काकी पहिल्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत एकटी राहायची. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तोही फार दिवस राहिला नाही. एकदा कुठल्याशा खात्याचे इंजिनीअर आले. त्यांनी जिन्याखालच्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवली आणि "ही फुटली तर चीर हलतेय असं समजा, लगेच कळवा," असं सांगून ते गेले. सहा महिन्यांनी पट्टी फुटली. आम्ही कळवलं. कोणी आलं नाही. पुन्हा कळवलं, तेव्हा अर्ज पुढे पाठवल्याचं समजलं. चाळ त्या 'पुढे'कडे डोळे लावून बसली. काकी मात्र लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यातून मूठभर प्लास्टर मागून आली, आणि काचेची पट्टी कुठून आणणार, म्हणून फुटक्या बांगडीचा तुकडा त्या जागी अंगठ्याने दाबून बसवला. त्या दिवसापासून ती आमची काचकाकी.

आता आपल्याकडे बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही. बांगडी वाढली म्हणतात. ताट वाढतं, मूल वाढतं, भाव वाढतात, आणि बांगडीचे तुकडे झाले तरी तीही वाढतेच. चीरही वाढते. काकी या एका शब्दावर सगळं काम भागवायची. भर दुपारी, चाळ जेवून आडवी झालेली असताना, कुठेतरी 'टिच्' असा बारीक आवाज व्हायचा आणि पाठोपाठ तिची हाक यायची, "वाढली गो!" पडल्या पडल्या सगळ्या बायकांचे हात आपापल्या मनगटाकडे जायचे. माझ्या आईचा तर नक्कीच.

कारण तुकडे बायकांचेच असायचे. भांडी घासताना, दाराच्या कडीत अडकून कुणाची बांगडी वाढली की काकीला कसं कळायचं देव जाणे, ती डबा घेऊन हजर. नाही कोण म्हणणार? पण एका विधवा बाईने आपल्या बांगडीचा तुकडा नेऊन भिंतीला लावायचा आणि तो फुटला की ओरडायचं, हे आईला अजिबात सोसायचं नाही. आमच्या दाराबाहेरच्या चिरेवर आईच्याच हिरव्या बांगडीचा तुकडा होता. रोज सकाळी दिवा लावण्याआधी ती दार उघडून तो शाबूत आहे ना हे बघायची. भिंतीची काळजी म्हणून नव्हे, बाबांची काळजी म्हणून. बाबा बोरिवलीला नोकरीला होते आणि त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. आईच्या मनाने त्यांचा जीव त्या तुकड्यात नेऊन ठेवला होता.

काकीला कशालाच परवानगी लागायची नाही. दुसऱ्या मजल्यावरचा कठडा हलत होता. चाळीच्या सेक्रेटरींनी त्यावर मीटिंग ठेवली, कोरम झाला नाही म्हणून पुढे ढकलली. तेवढ्यात काकीने आपलं जुनं लुगडं पिळून त्या कठड्याला खांबाशी बांधून टाकलं आणि पुढे कपडे वाळत घालायची दोरी आडवी लावून रस्ताच बंद केला.

सेक्रेटरी चिडले. "कुणाला विचारून बांधलंत?"

"कठड्याक इचारलंय," काकी म्हणाली. "तो म्हणालो, मी पडतंय."

चौथ्या दिवशी कठडा लुगड्यात लोंबकळत होता. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. सेक्रेटरींनी लुगडं सोडायचा ठराव मात्र केला.

माझी नोकरी तेव्हा घरून चालायची. दिवसभर लॅपटॉपवर मेल पाठवायचे आणि 'अप्रूव्ह्ड' असं उत्तर येईपर्यंत थांबायचं, हेच माझं काम. मला ते फार चांगलं जमायचं, कारण घरीही मी भाजीत मीठ घालायच्या आधी आईला विचारायची. काकी जाता-येता दारातून बघायची आणि म्हणायची, "सारखा काय इचारतंस गो? डोळे आसत मा?" मला राग यायचा. डोळे होते, पण ते वापरायची जबाबदारी माझी आहे हे मला पटत नव्हतं.

दुपारी ती अनवाणी फिरायची. पायांचा आवाज नाही. एक तळहात भिंतीवर टेकवून ती तळमजल्यापासून वर यायची, मध्येच थांबायची, कान लावायची. एकदा दार उघडलं तर ती आमच्याच भिंतीला कान लावून उभी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर फोनवर कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा भाव. मी घाबरून विचारलं, "काय ऐकतेस?"

तिने बोटाने गप्प राहायला सांगितलं. मग हळूच म्हणाली, "ती जिन्यान वर येता."

"कोण?"

"चीर. तिका घाई नाय. पण थांबणा नाय."

मी हसले, आणि दार लावल्यावर हसू पुसून हिशेब जुळवू लागले. होळीच्या सुमाराला जिन्याखालचा तुकडा वाढला होता. वैशाखात पहिल्या मजल्यावरचा. पावसात दुसऱ्या मजल्यावरचे दोन. एकही तुकडा उलट क्रमाने फुटला नव्हता. कोणीतरी एकेक पायरी चढत, दमत, विसावा घेत वर येत होतं, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. हे मी आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं ना!

नवरात्र सरल्यावरची ती दुपार. मी उत्तराची वाट बघत बसले होते. आई तांदूळ निवडत होती. दाराबाहेर 'टिच्' झालं. या वेळी काकीची हाक यायच्या आधी आईच उठली. दार उघडून तिने बघितलं. हिरव्या तुकड्याचे दोन तुकडे झाले होते आणि मध्ये माझं बोट जाईल एवढी फट होती.

"माझी बांगडी," आई म्हणाली आणि तिथेच खाली बसली. "ह्यांना फोन लाव."

बाबांचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. आईने माझ्या हातून मोबाईल घेतला आणि ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. खालून थाळी बडवल्याचा आवाज येऊ लागला. "भायर पडा! गॅस बंद करा नि भायर पडा!" काकी मजल्यामागून मजला वर येत होती, ज्या वाटेने ती चीर आली होती त्याच वाटेने. चाळीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, तोही मी लॅपटॉपवर वाचला: 'फोटो वर पाठवला आहे. सूचना येईपर्यंत कुणीही घाबरून जाऊ नये.' आणि सांगायला लाज वाटते, पण मी खाली टाईप केलं, 'खाली उतरायचं का?'

काकी दारात आली. तिने माझ्या स्क्रीनकडे बघितलं.

"कोणाक इचारतंस?"

"काकी, आई उठत नाहीये. बाबांचा फोन लागल्याशिवाय—"

"तुझी आवस, तू बघ. माका अजून धा दारां ठोकूची आसत." आणि ती खरंच निघून गेली. जाताना तेवढा आमचा मेन स्विच बंद केला.

स्क्रीनवरचं इंटरनेट गेलं. माझा प्रश्न पाठवला गेला की नाही हेही कळेना. डोक्यावरच्या तुळईतून तांदळाच्या ताटात माती पडली. आता विचारायला कुणीच उरलं नव्हतं. मी आईला म्हणाले, "आई, बाबा खाली उभे आहेत. तुला हाक मारताहेत."

आयुष्यात मी तिच्याशी पहिल्यांदाच एवढं धडधडीत खोटं बोलले. ती चप्पलही न घालता पळत सुटली. आम्ही फुटपाथवर आलो. तिने गर्दीत दोन वेळा नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं, तिला सगळं कळलं आणि ती परत जिन्याकडे वळली, फोन वर राहिला म्हणून. मी तिचं मनगट धरलं. ती ओढत होती, मी सोडत नव्हते. माझ्या मुठीत तिची बांगडी वाढली. टिच्. आणि तिचं मनगट लालभडक झालेलं आम्ही दोघी बघत असतानाच आमच्या पाठीमागे जिना बसला. मोठा आवाजही झाला नाही. कुणी दमून खाली बसावं तसा बसला.

काकी मागच्या संडासाच्या जिन्याने सगळ्यांत शेवटी उतरली, आणि तिच्या पाठोपाठ अख्खी चाळच खाली बसली. रक्त सांडलं ते फक्त आईच्या हातातून, दुसऱ्या कुणाला साधं खरचटलंही नाही. बाबांनी फोन ऑफिसच्या खणात ठेवून दिला होता. ते संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आले आणि चाळीच्या जागी आभाळ बघून आईचं नाव घेत फुटपाथभर धावले. चाळ रिकामी करण्याची नोटीस तिसऱ्या दिवशी आली. ती समोरच्या विजेच्या खांबाला लावावी लागली.

काकीला वडाळ्याला संक्रमण शिबिरात खोली मिळाली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती अस्वस्थ दिसली. नव्या सिमेंटच्या भिंतीवर तळहात फिरवत म्हणाली, "ही मुकी आसा गो. हयसर माका झोप लागणा नाय." आई उठली, हातातली एक हिरवी बांगडी काढली आणि तिच्या डब्यात ठेवली. अख्खी. काकीने ती बराच वेळ हातात धरली, पण घातली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती झोपेतच गेली. तिचा पुतण्या तो डबा माझ्यासाठी घेऊन आला. मी रडले. तिच्या हयातीत एकदाही तिचे आभार मानले नव्हते, आणि ते मानायला कुणी सांगावं म्हणून मी थांबले होते, कुणास ठाऊक.

आता आम्ही परळला अकराव्या मजल्यावर भाड्याने राहतो. गेल्या महिन्यात बाल्कनीच्या दाराजवळ केसाएवढी चीर दिसली. सोसायटीच्या मॅनेजरना दाखवली. ते म्हणाले, रिपोर्ट येऊ द्या. परवा दुपारी जेवून उठले, तर चिरेवर हिरव्या बांगडीचा आडवा तुकडा आणि दोन्ही टोकांना ओलसर पांढरं प्लास्टर.

"आई, कधी लावलास?"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मी? मला वाटलं, तू लावलास."

प्लास्टरवर अंगठ्याचा ठसा होता. मी माझा अंगठा लावून बघितला, बसला नाही. आईचा लावला, बसला नाही. बाबांचा तर केवढा तरी मोठा. काकीचा डबा उघडला. आईने दिलेली अख्खी बांगडी त्यात नव्हती.

तुकडा आज सकाळपर्यंत शाबूत आहे. मॅनेजरचं अजून उत्तर नाही. मी आमची कागदपत्रं, बाबांच्या गोळ्या आणि आईच्या चपला एका पिशवीत भरून दाराशी ठेवल्या आहेत. रविवारी दुसरी जागा बघायला जातेय. घरात कुणालाच विचारलेलं नाही.