ट्रामच्या रंगाची जाडी

१२ ऑक्टोबर २०२४, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. दसरा. सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या घरात नट आवळायचे पाने, हातोडी, यंत्रमागाचे धोटे पुसून पूजेसाठी मांडले होते आणि त्यांच्या मधोमध आजोबांची वीतभर लांबीची दुमजली ट्राम. शेजारी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हिरव्या ऑइल पेंटचा डबा उघडला होता.

आजोबा मुंबईत ट्रामच्या कारखान्यात पत्रेकाम करीत. ट्राम बंद झाल्या तेव्हा ते सुरतेला मागांवर आले. निघण्यापूर्वी उरल्यासुरल्या पत्र्यातून त्यांनी ही ट्राम घडवली आणि कारखान्यातल्याच रंगाने रंगवली, असे घरात सांगतात. तो रंग आबांना तांबडा आठवतो, आत्याला चॉकलेटी. दसऱ्याला यंत्रांना रंगाचा ताजा हात द्यायचा, ही आबांची रीत. आजोबा गेल्यापासून ट्रामलाही तोच मिळतो, मागांचा हिरवा.

एका संग्रहालयाने ती मागितली होती. अट एकच: मूळ रंग खाली शिल्लक हवा. तसे ठरले तर पाटीवर कारागीर म्हणून आजोबांचे नाव लागणार होते. आबा त्याविषयी बोलत नसत. पाटी किती मोठी असते, एवढे मात्र त्यांनी दोनदा विचारले होते. मलाही ते नाव हवे होते, आणि हा माझा पहिला स्वतंत्र अभ्यास ठरावा, हेही.

जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम मी जिथे करते, त्या प्रयोगशाळेतून रंगाची जाडी मोजणारे यंत्र आणले होते. टोक पत्र्याला टेकवले की आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, दिसतो.

"ताप मोजस का तिना?" आबांनी विचारले.

"रंग मोजतेय. ब्रश जरा थांबवा, आबा."

टपावर ३६. डाव्या बाजूला ३९. ही जाडी फार तर एका हाताची. इतक्या दसऱ्यांचे थर गेले कुठे?

"रंगवण्याआधी तुम्ही काय करता?"

"पॉलिश पेपर मारस. घसनं पडस ना माय, नही ते नवा रंग धरी कसा?"

चांगला मेकॅनिक जे करील तेच त्यांनी दर वर्षी केले होते, जुना रंग घासत थेट पत्र्यापर्यंत.

"बिघडनं का काही?"

"अजून सांगता येत नाही."

आतून आईने पूजेसाठी दुसऱ्यांदा हाक मारली. उजवी बाजू ३४. पुढचा कठडा ४१. घासणारे बोट जिथे शिरत नाही, तिथेच आता काही उरले असेल तर. वरच्या मजल्याच्या जिन्यामागे करंगळीएवढा कोपरा होता. टोक तिरके करून आत सरकवले. आकडा हलत राहिला, ठरेना. जाडीवरून रंग तांबडा की चॉकलेटी ते कळत नाही, ते पुढचे काम. खाली थर आहेत की नाहीत, एवढेच कळते. आबांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि माझ्या बाजूला येऊन बसले. मी टोक पुन्हा टेकवले, या वेळी अगदी सरळ. आकडा थांबला.

२१२.