लांब दांडीचे साहेब

पवनीकडच्या एका सरकारी कचेरीत १९७८ साली पुंडलिकराव नावाचे शेतीसाहेब होते. चिखलात पाय घालायचा त्यांना मनस्वी तिटकारा, पण तक्ते काढायला बसले की जेवण विसरायचे. नागपूरच्या प्रशिक्षणातून ते एक नवा तक्ता शिकून आले. प्रत्येक गावाची एक आडवी ओळ. जुन्या धानाच्या एकरी पिकाचा पांढरा ठिपका, नव्या बियाण्याच्या पिकाचा हिरवा आणि दोन्हींना जोडणारी जाड दांडी. दिसायला थेट आखाड्यातलं डंबेल! फरक जितका मोठा, तितकी दांडी लांब.

साहेबांना लांब दांडीचा नादच लागला. आसगावची दांडी त्यांनी पार कागदाच्या काठापर्यंत नेली. त्यासाठी पांढरा ठिपका घेतला पाटाच्या टोकाशी असलेल्या डोमा नावाच्या शेतकऱ्याच्या कोरड्या तुकड्याचा, आणि हिरवा घेतला तलावाखालच्या पाटलाच्या भरल्या पाण्याच्या बांधीचा. दोन परक्या शेतांचं परस्पर लग्न लावून दिलं. जिल्ह्याच्या बैठकीत मोठे साहेब तक्त्यासमोर थांबून "वा!" म्हणाले. ते "वा" घरी बायकोला, गोदावरीबाईंना, पुंडलिकरावांनी वेगवेगळ्या आवाजांत करून दाखवलं.

पुढच्याच महिन्यात आसगावच्या फुटक्या पाटाची मंजूर दुरुस्ती रद्द झाली. एवढं पुढे गेलेलं गाव, त्याला मदत कशाला? ती आखूड दांडीच्या गावाला गेली.

डोमा आणि त्याची बायको शकुबाई कचेरीत आले.

"साहेब, आमचा पाट काहून रद्द केला जी?" डोमाने विचारलं.

पुंडलिकरावांनी तक्ता दाखवला. "बघा, तुमचं गाव कुठल्या कुठे गेलं!"

"गाव तं तिथंच हाय जी," शकुबाई म्हणाली. "पानीच येऊन नाही राहिलं."

"हा पांढरा ठिपका तुमच्याच शेताचा आहे."

"अन् हिरवा?"

"तो... गावाचा."

"मंग आमचा हिरवा कुठं गेला? तो ठिपका बदला ना."

"बैठकीत मंजूर झालेला तक्ता आहे, बाई. तो कसा बदलणार?" साहेबांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला, स्वतःपुरता.

मग उन्हाळ्यात आसगावातून घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन निघाला आणि गावानेच पाट बांधून काढला. पुंडलिकराव तिकडे फिरकले नाहीत. ऊन फार होतं. त्या वर्षी डोमाच्या तुकड्यातही नव्या बियाण्याचं धान भरघोस पिकलं. तेव्हा मात्र साहेब जीपने आले आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहून आकडा विचारू लागले.

"सांगू नोको," शकुबाई पुटपुटली. पण डोमा सरळ माणूस. त्याने सांगून टाकलं.

या वेळी दोन्ही ठिपके एकाच शेताचे होते. साहेबांच्या हातून पहिल्यांदाच खरा तक्ता निघाला. खोटी होती ती फक्त खालची ओळ: 'विभागाच्या अथक प्रयत्नांचे फळ'.

पुंडलिकरावांना बढती मिळाली. भंडाऱ्याला नव्या कर्मचाऱ्यांना तक्ते शिकवायचं काम आलं. निरोपाच्या सभेत "आसगाव मी घडवलं" म्हणताना त्यांनी तो तक्ता दोन्ही हातांनी उंच धरला. आसगावचं तिथे कोणी नव्हतं. गावात धानाची मळणी चालू होती.