खिडकीकडचा हात

माझ्या धाकट्या भावाचं तारण झालं तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. त्याआधी तो साधा ख्रिस्ती होता, आम्हा सगळ्यांसारखा. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर आमचं. तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडून घ्यायचं, नाताळात करंज्या तळायच्या, रविवारी चर्चमध्ये जांभया दाबायच्या, एवढ्यावर आमचं छान भागत होतं. मग बुटीबोरीच्या कारखान्यातल्या कुणी सोबत्यानं त्याला एका नव्या मंडळीत नेलं. ही मंडळी टाइल्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. गिटार, ड्रम, पडद्यावर गाण्यांचे शब्द, आणि नागपूरच्या मे महिन्यात कोट घालून उभा राहणारा पास्टर. तिथं भावाला कळलं की आपण आजवर ज्याला विश्वास म्हणत होतो ती नुसती सवय होती. एका रविवारी कुठल्याशा रिसॉर्टच्या पोहण्याच्या टाक्यात त्याला बुडवून काढलं आणि तो नवा झाला. मला तो जुनाच वाटतो. आईची औषधं आणायला अजूनही त्याला चारदा सांगावं लागतं.

ही मंडळी 'जेवण झालं का' विचारावं तसं 'तारण झालं का' विचारतात. तारण म्हणजे पापातून सुटका आणि स्वर्गात जागा. उत्तर तारखेसकट लागतं. कधी झालं, कुठं झालं, रडलात का? हे सगळं लोकांसमोर सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. आधीचं पाप जितकं मोठं तितकी साक्ष रंगते, त्यामुळे साधी माणसं बिचारी आपल्या पापांना घरचं तिखटमीठ लावतात. माझ्या भावानं जन्मात दोनतीनदा बिअर प्यायली असेल, तीही मित्राच्या पैशानं. साक्षीत मात्र तो दारूत गळ्यापर्यंत बुडालेला असतो. मी एकदा ऐकायला गेले होते. हसू आवरेना म्हणून खोकल्याचं निमित्त करून जिना उतरले.

बाबांनी कधी साक्ष दिली नाही. ते आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. बोलणं मोजकं. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत, खालच्या पट्टीत गात, आणि प्रवचन सुरू झालं की डोळे मिटत. भाऊ त्यांच्या मागे लागला की म्हणायचे, "मी हरपलोच कवा होतो गा, की सापडलो म्हणून साक्ष देऊ?" भावाला यात गर्व दिसायचा. मला हे उत्तर इतकं आवडायचं की मी ते पाहुण्यांना सांगत सुटायचे.

मग बाबांना लकवा मारला. डावं अंग गेलं, वाचाही गेली. दवाखान्यात खाटेवर ते नुसते छताकडे बघत पडून असायचे. एका दुपारी मी आईला बळंच खाली चहाच्या टपरीवर नेलं, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आम्ही वर आलो तोवर पास्टर येऊन, प्रार्थना करून निघूनही गेला होता. भाऊ व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून रडत होता. पास्टरनं बाबांचा हात हातात घेऊन विचारलं होतं, "येशूला तारणारा म्हणून स्वीकारत असाल तर माझा हात दाबा." बाबांनी दाबला नाही. दोनदा विचारलं, तरी नाही. त्यानंतर दोन दिवसांनी बाबा गेले.

भावाचं रडणं खरं होतं, एवढं त्याच्या पदरात टाकते. बाप नरकात गेला असं ज्याला मनापासून वाटतं त्याला रडू येणारच. पण ती गोष्ट पोटात ठेवावी एवढी अक्कल नव्या जन्मातही त्याला आली नाही. आईच्या भल्यासाठी म्हणून त्यानं ती आईला सांगितली. बाबांचं जे झालं ते तिचं होऊ नये, तिनं वेळेत टाक्यात उतरावं, म्हणून.

आई टाक्यात उतरली नाही, पण ती सांगितलेली गोष्ट तिच्यात उतरली. नोव्हेंबरात कबरी धुऊन मेणबत्त्या लावायचा दिवस आला. दरवर्षी आदल्या दिवशी सीताबर्डीवरून शेवंती आणणारी माझी आई घरात बसून राहिली. "थ्यायले काय उपेग आता फुलाचा," म्हणाली. एकदा मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "मंग मी मेल्यावर तुह्या बाबाची भेट नाही होणार का वं?"

मी उसळले. हे सगळं थोतांड आहे म्हणाले. देव काय रेल्वेचा टीसी आहे का, तिकीट पंच केलं नाही म्हणून माणसाला खाली उतरवायला? आईनं शांतपणे मेथीची जुडी सारखी केली. "तुले तं सारंच फालतू वाटते," म्हणाली. मी उरलेली मेथी पुढ्यात ओढून निवडू लागले. वर्षानुवर्षं सगळ्याची टर उडवणाऱ्या बाईनं 'भेट होईल' म्हटलं, तर त्या शब्दाला किंमत ती काय?

बाबांना जाऊन वर्ष झालं तेव्हा भावानं घरी प्रार्थना ठेवली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आमचा कूलर इतका आवाज करतो की पास्टरला देवाशी ओरडून बोलावं लागत होतं. देव बहिरा नसावा, पण आमच्या कूलरपुढे त्याचीही खात्री कुणी द्यावी? आमच्या लोकांची एक जुनी रीत आहे. जे माणसाच्या तोंडावर बोलायची छाती होत नाही ते प्रार्थनेत देवाला सांगायचं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली, आणि प्रार्थना मध्येच तोडायची नसते. सुनेची उधळपट्टी, जावयाचं पिणं, शेजारणीचा कुजका स्वभाव, सगळं मी असंच, 'हे प्रभू, तू तर जाणतोस' या वाटेनं ऐकलेलं आहे. पास्टरनंही तीच वाट धरली. "हे प्रभू, तू जाणतोस, या घराच्या कर्त्याला मी शेवटची संधी दिली. त्यांच्या खाटेजवळ, खिडकीपाशी उभा राहून त्यांचा हात मी या माझ्या हातात घेतला. पण त्यांचं अंतःकरण कठीण राहिलं. मागे उरलेल्यांनी तरी..."

"कोणता हात?" आईनं विचारलं.

प्रार्थना थांबली. मी डोळे उघडले. सगळ्यांनीच उघडले.

"खिडकीकडचा, आई," पास्टर म्हणाला.

"खिडकी थ्यायच्या डाव्या अंगाले होती. तो हात तं मेला होता."

पास्टरनं भावाकडे पाहिलं आणि भावानं चटईकडे. वर्षभर ज्याच्यावर माझ्या बापाचा निकाल लागला होता तो हात लकव्याचा होता, आणि ही गोष्ट या दोन पवित्र आत्म्यांच्या डोक्यात आली नव्हती. माझ्याही आली नव्हती. मी तेव्हा फक्त चिडण्यात गुंतले होते. आता मी तोंड उघडणार, आणि चांगलं वर्षभराचं साठलेलं काढणार, तेवढ्यात आईनं डोळे मिटून हात जोडले.

"हे प्रभू, तुले तं मालूम आहे. तवा मी इकडून बसली होती. थ्यायचा उजवा हात माह्या हातात होता. पास्टरनं इचारलं तं थ्यायनं माहा हात दाबला. दोनदा इचारलं, दोनदा दाबला. मले वाटलं पाणी मागून राहिले. डॉक्टरनं नाही म्हणलं होतं म्हणून मी पाणी नाही देल्लं. मले माफ कर. आमेन."

त्या वेळी ती माझ्याबरोबर टपरीच्या बाकड्यावर बसून चहात टोस्ट बुडवत होती. हे मला माहीत होतं. भावालाही माहीत होतं. पास्टर बोलू शकत नव्हता, कारण तो डोळे घट्ट मिटून प्रार्थना करतो अशी त्याची ख्याती आहे. खाटेच्या पलीकडे कोण येऊन बसलं हे तो कसं सांगणार? भावानं मान वर केली. ज्या भावाच्या भोळसटपणावर मी उभं आयुष्य हसत आले, तो आईकडे बघत राहिला आणि सगळ्यात आधी त्यानंच आमेन म्हटलं. मग मी. मग पास्टर हात उंचावून देवाची स्तुती करू लागला, आणि आमच्या घरात, मृत्यूनंतर वर्षभरानं, माझ्या बाबांचं तारण झालं.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. ती उरलेली पाटवडी डब्यात भरत होती.

"आई, तू खोटं बोललीस. तेही प्रार्थनेत."

"हो."

"तुझ्या हिशेबानं हे पाप आहे ना? मग तुझं काय?"

तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "थे तं आत गेले ना," ती म्हणाली. "माहं पाहू."