साडूंचा कटऑफ

आमचे साडू एका जागी पाच मिनिटं बसू शकत नाहीत, यावर साऱ्या नात्यागोत्याचं एकमत आहे. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरा तेवढा हललेला आहे. दौंडला रेल्वेच्या डब्यांतले दिवे आणि बॅटऱ्या सांभाळायची त्यांची नोकरी. त्यामुळे माणसं दोनच प्रकारची, चार्ज होणारी आणि नुसती पडून राहणारी, असा त्यांचा सिद्धान्त. मी दुसऱ्या प्रकारातला, हे ते माझ्या बायकोदेखत सांगतात. रिमोटचे सेल मी अजून उलटे घालतो, तेव्हा मला बोलायला जागा नाही.

आमचे सासरे, मांडवगण फराट्याचे मामा, यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोटं हलती ठेवा, नाहीतर कायमची जातील, असं डॉक्टरांनी बजावलं. मामा रबरी चेंडू काही दाबेनात. "मी काय तान्हं हाय व्हय?" नातवंडांच्या टीव्ही गेमवर मात्र डाव्या हातानं रणगाडे उडवू लागले. तेवढ्यात भारनियमन सुरू व्हायचं. साडू ताडकन उठले, "बॅटरीवरचा गेम बनवतो. बटणं सगळी उजवीकडं!"

गेमचा छोट्या पडद्याचा खोका झाला, पण बॅटरी कुठली लावायची ते ठरेना. साडू रविवारी स्कूटरवर मांडवगणला येत, ओट्यावर तारांना कथलाचा डाग देत, उठत, बसत, चहा विसरत आणि मला मीटर धरायला लावत. "हलू नका, पाव्हणं!" हलत कोण होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. आधी शिशाची बॅटरी लावली. मामा म्हणाले, "जावईबापू, ह्यो गेम हाय का वरवंटा?" मग चार्ज होणारे पेन्सिल सेल आले, ते भरले तरी चार्जर थांबेना आणि खोका तव्यासारखा तापला. शेवटी मोबाइलच्या चपट्या बॅटऱ्या आणि भरल्या की आपोआप थांबणारं सर्किट आलं. पण साडूंची रेल्वेची सवय जाईना. "दिवे गेले तरी चालतील, बॅटरी मरता कामा नये," म्हणत त्यांनी बॅटरी उतरू लागली की गेम बंद पाडणारा कटऑफ बसवला, आणि तो भलताच वर लावला, म्हणजे बॅटरी बरीच शिल्लक असतानाच गेम बंद.

खोका मांडीवर ठेवून डाव्याच हातानं खेळत मामा शेवटच्या रणगाड्यावर आले आणि पडदा काळा! "आत्ताच मरायचं हुतं व्हय रं तुला?" खोका डाव्या हातात आवळून मामा चालूचं बटण दाबू लागले. तो क्षणभर जागा होई, पुन्हा मिटे. मामा शिव्या देत दाबतच राहिले.

"अवं, हात बघा!" सासूबाई ओरडल्या.

उजवा अंगठा होता.

साडू स्क्रूड्रायव्हर घेऊन धावले, "दोन मिन्टांत कटऑफ खाली आणतो!" सासूबाईंनी त्यांचं मनगटच धरलं, "हात लावाल तर बघा." डोळ्यांदेखत बिघाड, आणि दुरुस्त करायचा नाही! साडूंना त्या वर्षी दुसरा कुठला उपास करावा लागला नाही. दिवाळीला मामांनी उजव्या हातानं करंजी उचलली, तेव्हा साडू अंगणात फेऱ्या मारत होते, डोळे पुसत.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. खोका दौंडला साडूंकडे आहे, कटऑफ तसाच. "पडून राहिली की बॅटरी मरते, पाव्हणं," म्हणत ते अजून तो रविवारी चार्जिंगला लावतात आणि समोर बसतात. लाल दिव्याचा हिरवा होईपर्यंत साडू जागचे हलत नाहीत.