तेलाची बाटली

“प्लास्टिक धुऊन, वाळवून द्यायचं, नाहीतर ते पुन्हा कामाला येत नाही,” म्हणून आजी आयुष्यभर आजोबांचं डोकं खायची. ती गेल्यावर ते इमानेइतबारे एकेक पिशवी धुऊ लागले. तिची केसांच्या तेलाची बाटली मात्र त्यांनी ठेवून घेतली होती. रोज सकाळी झाकण उघडून ते तिचा वास घेत.

एकदा ती बाटली मोरीपाशीच राहिली आणि बाकीच्या प्लास्टिकबरोबर हातासरशी धुतली गेली.

“अगदी लख्ख हो, आजोबा! आजींनी शाबासकी दिली असती,” प्लास्टिक न्यायला आलेली बाई म्हणाली.

आजोबांनी बाईच्या हातातली बाटली ओळखली. झाकण उघडून नाकाशी धरली. नुसता साबणाचा वास.

“ने बाई,” ते म्हणाले, “कामाला येईल.”