काळी पडलेली बाटली

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक अख्खा दिवस कुणाच्याही नळाला पाणी आलं नाही, ते माझ्यामुळे.

शहरात दूषित पाण्याने माणसं आजारी पडत होती आणि आमची मुग्धा बाळंतपणाला माहेरी आलेली. नुसता नळ सोडला तरी मी भांड्यात वाकून बघायचो! शेवटी मी पाणी तपासायच्या दोन बाटल्या मागवल्या. आतल्या पुडीवर नळाचं पाणी भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात जंतू.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर पाणी डांबरासारखं काळंकुट्ट!

"विद्याऽऽ!" मी बायकोला हाक मारली. "मुग्धा पाणी प्यायली?"

"तांब्या संपवला. का हो?"

मी आतल्या खोलीत डोकावलो. "मुग्धा, पोटात काही होतंय का गं?"

"बाबा, नववा महिना आहे. पोटात बरंच काही होतंय!"

मी बाटली घेऊन सेक्रेटरी देशमुखांकडे धावलो. ते पांढरेफटक पडले. टाकी बंद, टँकरला फोन, बाटलीचा फोटो ग्रुपवर! तासाभरात निम्म्या सोसायटीला मळमळायला लागलं. (जोशी तर गावाहून नुकतेच आले होते, नळाला हातही लावला नव्हता. त्यांनाही!)

विद्याने मात्र नळ बंद व्हायच्या आत साबणाने हात धुतले आणि दुसरी बाटली भरून ठेवली. तोवर मी मुग्धाच्या मागे मागे. ती शिंकली तरी मी रिक्षा बघायला पळायचो.

दिवस उलटला, तरी दुसऱ्या बाटलीचा रंग तसूभरही बदलला नाही.

"कुलकर्णी, पहिल्या बाटलीचं नक्की काय केलंत?" बाटली बघायला आलेल्या देशमुखांनी विचारलं.

"काही नाही हो. पूड विरघळेना, म्हणून जरा बोटाने ढवळलं."

"अहो," विद्या हळूच म्हणाली, "त्याआधी काय करत होतात?"

"कुंड्यांना शेणखत घालत होतो."

देशमुखांनी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं, 'पाणी पिण्यास योग्य आहे. कुलकर्णींचे बोट नाही.'

पुढे मुग्धाला मुलगी झाली. सगळी सोसायटी येऊन बाळाला मांडीवर घेऊन गेली. मला, सख्ख्या आजोबाला, अजून लांबूनच दाखवतात!